कार्ताझ ते उपग्रह : कॅम्पबेल बेचा मुक्काम



मागच्या लेखात तुम्हाला पोर्ट ब्लेअरच्या जेटीवर सोडलं होतं. (आता त्या शहराचं नाव श्री विजयपुरम झालंय, पण मी होतो तेव्हा पोर्ट ब्लेअरच होतं, म्हणून तेच लिहितो.) तिथं जेमतेम सामान लावलं होतं, तोच आमच्या सिग्नलच्या चार जणांना पुढं कॅम्पबेल बेला जायचा हुकूम आला. साल २०१२, पावसाळा नुकताच संपलेला. त्याच वर्षी ३१ जुलैला नौदलाचा ‘आयएनएस बाझ’ हा तळ तिथं सुरू झाला होता. अंदमान-निकोबारची कमांड २००१ पासून तिन्ही दलांची एकत्र आहे, त्यामुळं पांढऱ्या वर्दीत हिरवी वर्दी मिसळलेली तिथं कुणाला नवल वाटत नाही.

कॅम्पबेल बे म्हणजे ग्रेट निकोबार बेटावरचं गाव. नकाशात बघाल तर त्याच बेटाच्या दक्षिण टोकाला इंदिरा पॉइंट आहे, भारताचं शेवटचं टोक. तिथून सुमात्रा साधारण दीडशे किलोमीटर. म्हणजे साताऱ्याहून सोलापूरसुद्धा त्याहून लांब पडेल. पोर्ट ब्लेअरहून जहाजानं निघालं की मधली बेटं घेत घेत दोन-दोन दिवस जातात. इंटरनेट तेव्हा उपग्रहावरून यायचं, आलं तर. समुद्राखालची केबल चेन्नईहून तिथवर पोचली २०२० साली. घरी फोन लागला तर त्या दिवशी लंगरात जेवण जरा जास्त जायचं, अशी अवस्था.

पहिल्याच रविवारी बाजारात एका टपरीवर चहा घेत होतो. आमच्यातल्या एकाला मी म्हटलं, “अरे, साखर नुसती ओतलीय.” मागून आवाज आला, “इकडं असाच मिळतो. सवय होईल.” वळून बघतो तर सत्तरी केव्हाच ओलांडलेले एक गृहस्थ, डोक्यावर गांधी टोपी, पायात रबरी चप्पल. जवळपास चाळीस वर्षं त्या बेटावर राहिलेला सातारा जिल्ह्यातला माणूस. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे निवृत्त नाईक. १९६५ ची लढाई केलेले.

आपल्यापैकी पुष्कळांना ही गोष्ट माहीत नसते, म्हणून सांगतो. १९६९ पासून सरकारनं या बेटावर माजी सैनिकांना जमिनी देऊन वसवलं. पंजाब, महाराष्ट्र, केरळ, तामिळनाडू, आंध्र, उत्तर प्रदेश अशा ठिकाणांहून तीनशेहून जास्त कुटुंबं आली. गोविंदनगर, जोगिंदरनगर, विजयनगर, लक्ष्मीनगर, गांधीनगर, शास्त्रीनगर अशी गावांची नावं. जंगल तोडून नारळ आणि सुपारी लावायची आणि सीमेवर आपली माणसं आहेत एवढं दाखवायचं, हे त्यामागचं गणित. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनं यातली किनाऱ्यावरची वस्ती पुसून टाकली. इंदिरा पॉइंटची जमीनच चार मीटरहून जास्त खचली. जो दीपस्तंभ पूर्वी कोरड्यावर उभा होता त्याच्या बुंध्याशी पाणी आलं. काका (मी त्यांना पहिल्या दिवसापासून काकाच म्हटलं) दक्षिणेकडच्या वस्तीत राहत होते. घर गेलं, बाग गेली, घरातली दोन माणसं गेली. त्यावर ते एवढंच बोलायचे. पुढं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

त्यांच्याकडं एक वही होती. खरं तर वह्या होत्या. जुन्या पाण्यात गेल्या, नव्या २००५ नंतरच्या. त्यात तारीख, वेळ आणि आकडे. “हे काय, काका?” “जहाजं.” रात्री झोप येत नाही म्हणून हा माणूस उंचवट्यावर जाऊन बसायचा आणि क्षितिजावरचे दिवे मोजायचा. मोठ्या जहाजाला डोलकाठीवर दोन पांढरे दिवे असतात, पुढचा ठेंगणा आणि मागचा उंच. दक्षिणेकडं तोंड करून बसलं आणि ठेंगणा दिवा डावीकडं दिसला, तर जहाज मलाक्काकडं चाललंय. उजवीकडं दिसला, तर कोलंबो, सुएझकडं. काकांनी प्रत्येक रात्रीचे दोन रकाने केले होते : ‘जाणारी’ आणि ‘येणारी’. “ड्युटी आहे का ही?” मी चेष्टेनं विचारलं. ते म्हणाले, “संत्री पोस्टवर उभा राहिला की समोरून कोण जातंय ते बघायचं असतं. आपण या टोकावर कशाला आणून ठेवलोय मग?”

सहा अंश अक्षांशाची ही खिंड, तिला सिक्स डिग्री चॅनेलच म्हणतात, जगातल्या सर्वांत गजबजलेल्या वाटांपैकी एक आहे. आखाताचं तेल चीन-जपानला, तिकडचा माल युरोपला, सगळं याच दारातून. काकांच्या वहीवरून माझ्या डोक्यात हा विषय बसला. समुद्रात रस्ता नाही, नाका नाही, मैलाचा दगड नाही. मग समोरून कोण जातंय हे राज्यकर्त्यांना आजवर कळत आलं कसं? पुढची दोन वर्षं जमेल तसं वाचत गेलो. ते आज तुमच्यासमोर मांडतो. एक आधीच सांगतो. जे उघड छापून आलेलं आहे तेवढंच लिहितोय. रडार कुठं आहे आणि किती लांबचं बघतं, असलं काही मला विचारू नका.

आपल्या किनाऱ्यावर याची पहिली मोठी व्यवस्था बसवली ती पोर्तुगीजांनी, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला. तिचं नाव कार्ताझ. हा एक परवाना. त्यावर जहाजाचं नाव, नाखव्याचं नाव, जहाज किती मोठं, हत्यारं किती, कुठून कुठं जाणार, हे लिहिलेलं. परवान्याची फी किरकोळ होती. खरी मेख पुढं होती. परवाना घेतला की पोर्तुगीजांच्या बंदरात थांबून जकात भरावी लागे, आणि ठरावीक माल नेता येत नसे. ज्याच्याकडं कार्ताझ नाही ते जहाज लुटलं तरी चालेल, असा त्यांचा कायदा. दिल्लीचा बादशहासुद्धा हजला जाणाऱ्या जहाजांसाठी हा कागद घेत होता, यावरून जोर लक्षात घ्या.

पण कागद असून भागतं असंही नाही. १६१३ साली पोर्तुगीजांनी सुरतेच्या बाजूला ‘रहीमी’ नावाचं मोठं जहाज पकडलं. जहाज होतं जहांगीर बादशहाच्या आईचं, मरियम-उझ-झमानी हिचं. त्यावर कार्ताझ होता. तरी पकडलं आणि गोव्याला नेलं. बादशहा चिडला, दमणला वेढा पडला, आणि त्या भांडणाचा फायदा इंग्रजांना झाला. ज्याच्या हातात शिक्का त्याच्या हातात समुद्र, हे सगळ्यांनाच कळून चुकलं.

ते आपल्याकडं सर्वांत नीट कळलं कान्होजी आंग्र्यांना. अठराव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत कुलाबा आणि विजयदुर्गावरून त्यांनी कोकण किनाऱ्यावर आपलं दस्तक लागू केलं. किनाऱ्यानं जायचंय ना, मग सरखेलांचं दस्तक घ्या. इंग्रजांना हे पटेना. दोनशे वर्षं पोर्तुगीजांनी हेच केलं तर ती राज्यव्यवस्था, आंग्र्यांनी केलं की चाचेगिरी! त्यांनी १७१७ साली विजयदुर्गावर चाल केली, फसली. १७२१ साली पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर आले, तेही फसलं. ४ जुलै १७२९ ला कान्होजी गेले तोवर त्यांचं दस्तक त्या पाण्यावर चालत होतं. मुंबईत नौदलाच्या तळाला ‘आयएनएस आंग्रे’ नाव आहे ते उगाच नाही.

आता थेट अलीकडं येतो. २४ मार्च १९८९ ला अमेरिकेतल्या अलास्काच्या किनाऱ्यालगत, प्रिन्स विल्यम साउंडमध्ये, ‘एक्सॉन वाल्डीझ’ हे तेलवाहू जहाज खडकावर चढलं आणि कोट्यवधी लिटर कच्चं तेल समुद्रात सांडलं. जहाज नेहमीच्या वाटेवरून बाजूला गेलेलं असताना किनाऱ्यावरून त्याच्यावर कुणाचंच लक्ष नव्हतं. त्यानंतर अमेरिकेनं त्या खाडीत तेलवाहू जहाजांच्या पाठीवर सतत नजर ठेवायची सोय केली. त्याच सुमारास स्वीडनमध्ये हाकान लान्स नावाच्या संशोधकानं एक युक्ती शोधली. प्रत्येक जहाजानं आपला ठावठिकाणा रेडिओवरून स्वतःच ओरडून सांगायचा, आणि कुणी कुणाच्या बोलण्यात बोलायचं नाही. याच युक्तीतून उभी राहिली ती एआयएस, म्हणजे जहाजांची आपोआप ओळख सांगणारी यंत्रणा.

आम्ही सिग्नलवाले, त्यामुळं हा भाग मला फार आवडला. वायरलेस नेटवर चार सेट एकदम बोलायला लागले की काय होतं ते तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवलंय. एआयएसमध्ये दोन चॅनेल आहेत, १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ. प्रत्येक चॅनेलवर एका मिनिटाचे २,२५० तुकडे केलेले. जहाजाचा सेट आधी ऐकतो, रिकामा तुकडा बघतो, तो आपल्यासाठी धरतो आणि पुढच्या वेळी कुठला धरणार हेही सांगून ठेवतो. वर कुणी कंट्रोल स्टेशन नाही, तरी शिस्त मोडत नाही. चालतं जहाज वेगाप्रमाणं दर दोन ते दहा सेकंदांनी बोलतं, नांगरलेलं असेल तर दर तीन मिनिटांनी. सांगतं काय? नऊ आकडी नंबर (भारतीय जहाजाचा ४१९ नं सुरू होतो), नाव, लांबी-रुंदी, जागा, वेग, दिशा, जहाज कुठल्या प्रकारचं, पाण्यात किती बुडालंय, कुठल्या बंदराला चाललंय. मी ही यादी वाचली आणि थेट कार्ताझच आठवला. मजकूर जवळपास तोच, फक्त कागदाची जागा रेडिओनं घेतली.

आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणं परदेशी वाटेवरच्या ३०० टन आणि त्याहून मोठ्या सगळ्या जहाजांवर आणि सर्व प्रवासी जहाजांवर ही यंत्रणा हवी. मुदत आधी जरा पुढची होती, पण अमेरिकेवरच्या ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर घाई झाली आणि अखेरची तारीख ठरली ३१ डिसेंबर २००४. म्हणजे ज्या आठवड्यात काकांचं घर समुद्रात गेलं, त्याच आठवड्यात जगातली मोठी जहाजं आपलं नाव सांगायला लागली. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “त्या दिवशी कुणी आम्हाला आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.”

पण या ओरडण्याला मर्यादा आहे. पृथ्वी गोल आहे आणि हा रेडिओ जवळजवळ सरळ रेषेत जातो. किनाऱ्यावरचा ॲन्टेना उंचावर लावला तरी पन्नास-साठ किलोमीटरच्या पुढचं ऐकणं कठीण. भर समुद्रातलं जहाज ओरडतं, पण ऐकायला कुणी नसतं. यावर उपाय एकच. कान वर न्यायचा.

आणि इथं आपल्या देशाचा एक मान आहे. २८ एप्रिल २००८ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी ९ हे रॉकेट एका दमात दहा उपग्रह घेऊन गेलं. कार्टोसॅट-२ए च्या बातमीत बाकीच्यांकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. त्यात कॅनडाचा एक चिमुकला उपग्रह होता, खास जहाजांचे हे संदेश वरून ऐकू येतात का ते तपासायला पाठवलेला. आले ऐकू. १२ जुलै २०१० ला पुन्हा श्रीहरिकोट्याहूनच नॉर्वेचा एआयएससॅट-१ गेला. वजन सहा किलो, आकार २० सेंटिमीटरच्या डब्याएवढा. त्यानं नॉर्वेला आपला सगळा उत्तर समुद्र दाखवला. २० एप्रिल २०११ ला आपल्या रिसोर्ससॅट-२ वर कॅनडाचं असंच यंत्र बसवून पाठवलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेघा-ट्रॉपिक्सबरोबर लक्झेंबर्गचा वेसलसॅट-१. जगाचं जहाज-मोजणीचं काम ज्या उपग्रहांनी सुरू केलं, त्यातले कितीतरी आंध्रच्या किनाऱ्यावरून उडालेत.

वर गेल्यावर नवीनच अडचण निघाली. सहाशे किलोमीटरवरून उपग्रहाला चारी बाजूंना अडीच हजार किलोमीटरच्या पुढचं ऐकू येतं. समुद्रावर जहाजं शिस्तीत बोलतात ती आपापल्या टापूत. मुंबईजवळच्या जहाजाला मलाक्कातलं ऐकू येत नाही, त्यामुळं दोघं एकच तुकडा धरतात. खाली भांडण नाही, पण वर उपग्रहाच्या कानात दोघांचा आवाज एकदम. वीस पलटणींची परेड एकाच मैदानात आणि प्रत्येक उस्तादाची वर्ड ऑफ कमांड वेगळी, असा प्रकार. मोकळ्या महासागरात उपग्रह छान ऐकतो आणि किनाऱ्याजवळच्या गर्दीत गोंधळतो. म्हणून किनाऱ्यावरचे कान आणि आकाशातले कान दोन्ही लागतात. शिवाय उपग्रह एका जागी थांबत नाही. ताशी सत्तावीस हजार किलोमीटरनं तो निघून जातो, पुढचा येईपर्यंत पाटी कोरी.

त्या २००८ सालच्या एप्रिलनंतर सातच महिन्यांनी २६ नोव्हेंबर उजाडला. ते मी नव्यानं सांगायला नको. कराचीहून निघालेल्या दहा जणांनी भर समुद्रात पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट पकडली, खलाशांना मारलं, तांडेलाकडून मुंबईपर्यंत बोट आणवली आणि मग त्यालाही मारलं. शेवटचा पल्ला रबरी होडीतून. उतरले ते बधवार पार्कजवळ, मच्छीमारांच्या वस्तीत. तिथल्या लोकांनी त्यांना पाहिलं, हटकलंसुद्धा. म्हणजे त्या रात्री मुंबईच्या दारात जे संत्री होते, ते कोळी होते.

खरं तर हे पहिल्यांदा होत नव्हतं. १९९३ च्या स्फोटांचं आरडीएक्स श्रीवर्धनजवळ शेखाडीच्या किनाऱ्यावरच उतरलं होतं. त्यानंतर ‘ऑपरेशन स्वान’ या नावानं गस्त सुरू झाली. पण ‘कुबेर’सारखी बोट त्या समुद्रात वेगळी ओळखणार कशी? तिच्यासारख्या हजारो. एआयएस तिच्यावर नव्हतंच, कारण नियम मोठ्या जहाजांचा.

त्यानंतर मात्र काम झालं. २००९ च्या फेब्रुवारीत सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडं आली. पहिल्या टप्प्यात ४६ ठिकाणी किनाऱ्यावर रडार-कॅमेऱ्यांची ठाणी ठरली. त्यातली ३६ मुख्य भूमीवर, ६ लक्षद्वीपला, ४ आमच्या अंदमान-निकोबारला. दीपस्तंभांवर एआयएस ऐकणाऱ्या ठाण्यांची साखळी झाली. २० मीटरपेक्षा लांब बोटींना एआयएस सक्तीचं झालं. मच्छीमारांना ओळखपत्रं, बोटींना राज्यवार रंग. हे सगळं चित्र एकत्र बघायला गुरुग्रामला केंद्र उभं राहिलं. २३ नोव्हेंबर २०१४ ला त्याचं उद्घाटन तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी केलं. समुद्राचं केंद्र हरियाणात, यावर आमच्या नौदलाच्या मित्रांनी पुष्कळ विनोद केले. पण जे चित्र उपग्रहांतून आणि तारांतून येतं, त्याला किनारा लागत नाही.

मधे एक फजिती झाली, तीही सांगायला हवी. जुलै २०११ च्या अखेरीस ‘पवित’ नावाचं सुमारे हजार टनांचं जहाज जुहूच्या वाळूत येऊन बसलं. खलाशांनी ते ओमानजवळच सोडून दिलं होतं. बुडालं असं समजून सगळे विसरले आणि ते आठवडेच्या आठवडे तरंगत मुंबईला आलं. वीज नाही, माणूस नाही, म्हणजे एआयएस मुकं. जे जहाज बोलत नाही ते पडद्यावर नाही, आणि पडद्यावर नाही ते समुद्रातच नाही असं मानायची सवय लागली तर काय होतं, ते मुंबईकरांनी फिरायला जाऊन डोळ्यांनी पाहिलं.

आता माझ्या स्वतःच्या पाहण्यातलं सांगतो. हे सांगायचं म्हणूनच खरं तर लेख लिहायला घेतला.

डिसेंबर २०१३. काकांचा नातू आणि त्याचा एक जोडीदार डोंगी घेऊन दक्षिणेकडं मासे धरायला गेले. डोंगी म्हणजे तिकडची छोटी इंजिनाची होडी. संध्याकाळी परत यायचे ते आले नाहीत. रात्री आठला काका आमच्या बॅरेकवर आले. टोपी हातात होती. “पोरगं आलं नाही,” एवढंच म्हणाले. मी त्यांना घेऊन जेटीजवळच्या कंट्रोल रूमवर गेलो. तिथला ऑपरेटर ओळखीचा होता, लाइनच्या कामानं आमचं येणंजाणं असायचं. त्यानं लगेच कोस्ट गार्डला कळवलं.

त्या खोलीत काकांनी पहिल्यांदा एआयएसचा पडदा पाहिला. काळ्या पाण्यावर हिरवे त्रिकोण, एकामागं एक, मुंग्यांच्या रांगेसारखे. प्रत्येकाचं नाव, वेग, मुक्काम लिहिलेला. सिंगापूर. रॉटरडॅम. फुजैरा. जे दिवे हा माणूस रात्र रात्र मोजत होता, त्या सगळ्यांची नावं समोर होती. दुसरी वेळ असती तर ते तासभर बघत बसले असते. त्यांनी पडद्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, “ही सगळी माळ दिसती. आपली डोंगी कुठाय यात?”

नव्हती. असणारच नव्हती. लाकडाची डोंगी, तिच्यात एक टॉर्च, पाण्याचा एक कॅन आणि दोन पोरं. रॉटरडॅमला निघालेलं जहाज नावानिशी दिसत होतं आणि तीस-चाळीस किलोमीटरवरचा घरचा मुलगा दिसत नव्हता. त्यात वारा ईशान्येचा. म्हणजे इंजिन बंद पडलेली डोंगी वाहत जाणार ती नेमकी जहाजांच्या वाटेकडं. न दिसणं एकवेळ परवडलं, पण अंधारात दोनशे-अडीचशे मीटरच्या जहाजाखाली येणं म्हणजे त्या जहाजाला धक्कासुद्धा जाणवणार नाही. १ मार्च २०१२ च्या रात्री केरळच्या किनाऱ्याजवळ असंच झालं होतं. ‘प्रभू दया’ या मालवाहू जहाजाची धडक ‘डॉन-१’ या बोटीला बसली, पाच मच्छीमार गेले. त्या पट्ट्यातून कोण कोण गेलं याच्या नोंदी होत्या म्हणून जहाज शोधता आलं. पण नोंद मोठ्याची होती. लहान बोटीची फक्त माणसं होती, सांगायला उरलेली.

मग त्या ऑपरेटरनं जे केलं ते मी कधी विसरणार नाही. त्यानं पडद्यावरची नावं एकेक करून चॅनेल सोळावर पुकारायला सुरुवात केली. हवेत “ऑल शिप्स” म्हटलं तर कोण ऐकतो, कोण नाही. पण नाव घेऊन हाक मारली की उत्तर द्यावंच लागतं. त्याचा आवाज जितका पोचत होता तितक्या प्रत्येक जहाजाला त्यानं सांगितलं : छोटी होडी, दोन माणसं, वाहत येतेय, पुढं बघा, वेग बघा. नवीन त्रिकोण टप्प्यात आला की त्यालाही हाक. कोस्ट गार्डचं जहाज रात्रीच निघालं, उजाडल्यावर विमान आलं. दिवसभर काही मिळालं नाही. काका खोलीच्या बाहेर पायरीवर बसून होते. मी दोनदा चहा नेऊन दिला, दोन्ही वेळा तसाच गार झाला.

दुसऱ्या रात्री दोनच्या पुढं एका मालवाहू जहाजानं स्वतःहून हाक दिली. बोलणारा बहुतेक फिलिपिनो असावा. उजव्या बाजूला पाण्यालगत काहीतरी पेटवलेलं दिसतंय म्हणाला. आमच्या दोघांनी डिझेलमध्ये भिजवून अंगातला सदरा पेटवला होता. त्या जहाजानं वेग उतरवला, दिव्याचा झोत धरून ठेवला आणि कोस्ट गार्ड येईपर्यंत ती जागा सोडली नाही. पहाटे दोघं वर आली. ओठ फुटलेले, पण धडधाकट.

जेटीवर काकांनी नातवाला आधी एक ठेवून दिली आणि मग मिठी मारली.

त्या रात्रीनंतर मी हा विषय वेगळ्या नजरेनं वाचायला लागलो. उपग्रहांनी जहाजं दिसतात हे खरं, पण ती दिसतात कारण ती स्वतःहून बोलतात. ज्याला लपायचंय तो बटण बंद करतो. ज्याच्याकडं यंत्रच नाही तो बिचारा न लपताच लपलेला. या दोघांत फरक कसा करायचा, हा खरा पेच. त्यासाठी रडारवाले उपग्रह आहेत. २६/११ नंतर पाचच महिन्यांत, २० एप्रिल २००९ ला, रिसॅट-२ गेला. पुढं २०१२ ला रिसॅट-१. त्यांना ढग आडवा येत नाही, रात्र आडवी येत नाही. रडारच्या चित्रात ठिपका आहे आणि त्या जागी एआयएसचं नाव नाही, तर तिकडं विमान पाठवायचं. तरी लाकडाच्या लहान होडीला हा डोळासुद्धा सहज पकडत नाही. २३ नोव्हेंबर २०२४ ला बॅरन बेटाजवळ कोस्ट गार्डच्या डॉर्निअर विमानाला नेहमीच्या गस्तीत म्यानमारची एक मासेमारी बोट संशयास्पद वाटली. झडती घेतली तर सुमारे साडेपाच हजार किलो मेथ हे अमली द्रव्य निघालं. वरून एवढे डोळे असूनही शेवटी कुणाला तरी खिडकीतून बघावंच लागलं.

आणि लहान होड्यांचं? इस्रोनं संकटाचा इशारा उपग्रहामार्फत देणारं यंत्र २०१० पासून वापरात आणलं होतं, पण ते सगळ्यांपर्यंत पोचलं नव्हतं. ३० ऑगस्ट २०२४ ला आपल्याच पालघरमध्ये, वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या कार्यक्रमात, मासेमारी बोटींवर उपग्रहाशी बोलणारे १ लाख ट्रान्सपाँडर बसवायची योजना देशभर सुरू झाली. तेरा किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश त्यात आहेत. बोट कुठं आहे ते किनाऱ्याला कळणार, वादळाचा आणि हद्दीचा इशारा बोटीला कळणार, आणि बोट उलट निरोपही धाडू शकणार. ही बातमी मी गावी, घरी बसून वाचली. मला कंट्रोल रूममधलं ते बोट आठवलं, पडद्यावरून फिरणारं.

काका तोवर गेले होते. नातवानं फोन करून कळवलं होतं. मी विचारलं, “वह्यांचं काय केलंस?” म्हणाला, “आहेत. शेवटची अर्धी कोरी होती, त्यात आता मी लिहितो.”

“दिवे मोजतोस?”

“नाही काका. कुणाची डोंगी किती वाजता गेली, कुठल्या बाजूला गेली आणि कधी परत आली, ते लिहितो. जेटीवर सगळ्यांना सांगून ठेवलंय, नाव लिहिल्याशिवाय जायचं नाही.”

पुढच्या लेखात कॅम्पबेल बेहून परतीचा प्रवास, आणि जहाजात तीन दिवस उलट्या करणाऱ्या आमच्या सुभेदार साहेबांची गोष्ट. तुमच्यापैकी कुणी त्या बेटावर राहिलं असेल, विशेषतः वसाहतीत आलेल्या मराठी माजी सैनिकांच्या घरचं कुणी असेल, तर जरूर कळवा. जय हिंद, जय महाराष्ट्र.